एकसष्टावा भाग

माझा मामा वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा. विषय एकच. टीव्हीवरचा एखादा जुना नट वारला आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत काही चूक निघाली, की मामा चष्मा पुसून टेबलाशी बसायचा. 'आपल्या कालच्या अंकात दिवंगत कलावंताने शेजाऱ्याची भूमिका केल्याचे म्हटले आहे. त्यांनी घरमालकाची भूमिका केली होती. शेजारी वेगळे होते व ते अजून हयात आहेत. कृपया दुरुस्ती व्हावी.' अशी चार ओळींची पत्रं. दहातलं एखादं छापून यायचं. मामी ते कापून फ्रिजच्या दारावर लावायची आणि वर म्हणायची, "मेलेल्यांच्या भूमिका पाठ आहेत यांना. जिवंत बायकोच्या गोळ्या कुठल्या, ते विचारा जरा."

मामा टीव्ही केंद्रात नोकरीला होता. लहानपणी मी हे शाळेत इतक्यांदा सांगितलं की बाई एकदा म्हणाल्या, "कळलं आम्हाला. आता पाढा म्हण." टीव्ही केंद्रात म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कशात दिसतो? मामा कशातच दिसत नव्हता. तो टेप लायब्ररीत होता. तळघरातली लांबट खोली, खिडकी नाही, टेप खराब होऊ नयेत म्हणून बारा महिने थंडगार. मामा भर उन्हाळ्यात हातावर स्वेटर टाकून कामाला निघायचा आणि नवीन शेजारी हळूच मामीला विचारायचे, यांची तब्येत बरी नसते का?

काम तसं सरळ होतं. रेकॉर्ड झालेला कार्यक्रम टेपवर यायचा, मामा त्याला नंबर द्यायचा, रजिस्टरात लिहायचा आणि मांडणीवर ठेवायचा. मागणी आली की द्यायचा, परत आली की जागेवर ठेवायचा. एकेक टेप जाडजूड शब्दकोशाएवढी, प्रत्येकीला प्लॅस्टिकचा डबा. नंबर लिहायचा तो डब्यावर. टेपवर कागद चिकटवायला मनाई होती, कारण तो यंत्रात सुटून अडकायचा. म्हणून मामाचा पहिला नियम होता की टेप डब्याबाहेर एकटी सोडायची नाही. हाताखाली नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हे तीनदा ऐकावं लागायचं.

आणि दुसरं काम पुसण्याचं. नव्या टेप फार कमी यायच्या, त्यामुळे दाखवून झालेल्याच पुन्हा वापराव्या लागायच्या. वर्षातून दोनदा वरून यादी यायची, आणि यादीतल्या टेप मामाने पुसून द्यायच्या. टेबलावर एक लोखंडी यंत्र होतं, चार-पाच मोठ्या इस्त्र्या जोडाव्यात एवढं. त्यावर टेप ठेवायची, बटण दाबायचं, घूं असा आवाज यायचा, टेप हळूहळू गोल फिरवायची आणि उचलायची. अर्ध्या मिनिटात नाटक, गाणी, मुलाखत, जे असेल ते गेलं. दुसऱ्या पाळीतले लोक एवढं पण करायचे नाहीत. नवा कार्यक्रम सरळ जुन्यावरच रेकॉर्ड करायचे. नवा छोटा असला तर जुन्याचं शेपूट शेवटी तसंच राहायचं. मामाला ते अजिबात खपायचं नाही. तो प्रत्येक टेप दोनदा पुसायचा, एकदा सुलट आणि एकदा उलट. "खरकट्या ताटात वाढायचं का कुणाला?" असं विचारायचा. त्यावर मामीचं म्हणणं असं, की जन्मभर पुसण्याची नोकरी केली या माणसाने, पण घरातला ओटा एकदा पुसला असेल तर शपथ.

आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आला तो मामाकडे. दर गुरुवारी रात्री आठला 'संध्याकाळचा दवाखाना' लागायचा. साडेसातलाच मामाच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. शिंपी यायचा, गिरणीवाला यायचा, वरच्या मजल्यावरच्या आजी आपली उशी घेऊन यायच्या. एका लहानशा दवाखान्याची गोष्ट होती. डॉक्टर तरुण, देखणा, सगळ्या ताया त्याच्यासाठी यायच्या. पण आम्हा मुलांचा जीव होता कंपाउंडरवर. मधलं वय, पुढचे केस गेलेले, अंगात कायम एक ढगळ कोट. औषधाची बाटली पुढे करून तो म्हणायचा, "घोट घोट घ्या. घाई कुणाला आहे?" बस एवढंच. पण तो आवाज! किंचित खरखरीत, पोटातून आलेला, ऐकला की तापातल्या माणसालाही वाटावं की आता बरं वाटेल. शाळेच्या नळावर आम्ही एकमेकींना तेच वाक्य म्हणायचो. माझ्या बाबांना कधी राग आला की आई हळूच म्हणायची, "घाई कुणाला आहे?" आणि बाबा हसायचे.

आता सगळं सगळीकडे, हवं तेव्हा दिसतं, आणि कुणाला काही आठवत नाही. वय झालं म्हणून बोलते असं समजा हवं तर. पण तेव्हा गुरुवार चुकला की चुकला. पुन्हा दिसायचा नाही. म्हणून आम्ही डोळे फाडून बघायचो, आणि बघितलेलं विसरायचो नाही.

एकसष्टावा भाग शेवटचा होता. डॉक्टर गेलेला असतो, दवाखाना बंद व्हायचा असतो. कंपाउंडर एकटाच बाटल्या कागदात गुंडाळत असतो, आणि रिकाम्या बाकाशी बोलत असतो. कोण कुठे बसायचं, कुणाचा खोकला कसा, कुणाला औषधापेक्षा दोन शब्द जास्त लागायचे. शेवटची चार मिनिटं दुसरं कुणी पडद्यावर येतच नाही. सगळ्यात शेवटी तो दारावरची पाटी उलटी करतो आणि स्वतःलाच म्हणतो, "घाई कुणाला आहे?" त्या गुरुवारी शिंपी हुंदके देऊन रडला.

पुढच्या वर्षी मालिकेचं नाव यादीत आलं. साठ टेप पुसायच्या. नमुना म्हणून प्रत्येक मालिकेचा एक भाग ठेवायची मुभा होती, आणि तो कुठला हे मामाने ठरवायचं. ठेवायच्या टेपवर लाल गोल टिकली लागायची. लाल टिकली म्हणजे हात लावायचा नाही. मामाने एकसष्ट नंबर निवडला. बाकीच्या साठ टेप त्याने स्वतः पुसल्या, सुलट आणि उलट. त्या आठवड्यात तो जेवायचा नाही नीट, असं मामी सांगते.

पण एकसष्टावा भाग वाचला. हा मामाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिमान. त्याला कुणी कधी बक्षीस दिलं नाही, निवृत्तीच्या दिवशी भाषणात त्याचं आडनाव चुकवलं, पण लाल टिकलीची गोष्ट सांगताना त्याची मान ताठ व्हायची. ती टेप त्याने नोकरी संपेपर्यंत कुणाला काढू दिली नाही. वाजवली की झिजते, म्हणायचा. दर महिन्याला मांडणीपाशी जाऊन टिकली जागेवर आहे ना, एवढं बघून यायचा.

गेल्या वर्षी त्या मालिकेतला देखणा डॉक्टर वारला. बातमीत त्याची भूमिका वकिलाची लिहिली होती. मामाने पत्र लिहिलं, आणि या वेळी शेवटी एक ओळ जास्त घातली. 'या मालिकेचा एकसष्टावा भाग केंद्रात आजही सुरक्षित आहे, याची खात्री मी स्वतः देतो.' पत्र छापून आलं. मामीने फ्रिजवर लावलं.

पंधरा दिवसांनी एक बाई मामाकडे आल्या. मी त्या दिवशी तिथेच होते, मामीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. चाळिशीच्या असतील, ऑफिसातून परस्पर आल्यासारख्या. हातात ते कात्रण होतं.

"काका, मी कंपाउंडरची मुलगी," त्या म्हणाल्या. नाव सांगायच्या आधी हेच सांगितलं. बहुधा जन्मभर असंच सांगावं लागलं असेल.

मामा उभाच राहिला. मग मला म्हणाला, "खुर्ची दे, खुर्ची दे," आणि खुर्ची त्यांच्यासमोरच होती.

त्यांनी सांगितलं ते असं. मालिकेनंतर वडिलांना काम मिळालं नाही. पोलिसाची भूमिका केली तरी लोक म्हणायचे, अरे, कंपाउंडर. मग बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी धरली. पंधरा वर्षं ते माइकवर सांगत होते, कुठली गाडी कुठे लागली आहे ते. मला आठवलं, मी पण त्याच स्थानकावरून कॉलेजला जायचे. रोज तो आवाज ऐकत होते आणि एकदाही ओळखला नाही. हे ऐकून मला स्वतःची लाज वाटली. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून वहीवर लिहून बोलतात.

"घरात आवाजाचं काहीच नाही का?" मामीने विचारलं.

"रोज घरात बोलणारा माणूस. त्याचा आवाज कोण साठवून ठेवतं, काकू? स्थानकावर गेले, तिथे आता मशीन बोलतं. जुनं काही ठेवलेलं नाही. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिने आजोबांचा आवाज ऐकलेला नाही. ती विचारते, आजोबा कसे बोलायचे? मी करून दाखवते, तर म्हणते, हा तर तुझाच आवाज." त्यांनी हातातलं कात्रण टेबलावर ठेवलं. "आता बाबांचं फार राहिलं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी आजवर काही मागितलं नाही. तुमचं पत्र वाचल्यावर वहीत लिहिलं, एकदा ऐकायला मिळेल?"

मामाचे डोळे भरून आले होते. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाळ, बाबांना सांग, मिळेल. मी सांगितलंय म्हणून सांग."

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पण पुढचे चार दिवस तो अठ्ठावीसचा झाला होता. केंद्रात फोन केले, ओळखी काढल्या, अर्ज लिहिला. कळलं की केंद्राची जुनी इमारत रिकामी होते आहे, जुन्या टेप वाजवणारं एकच यंत्र चालू आहे आणि तेही महिनाअखेरीला मोडीत निघणार. आम्ही सोमवारी सकाळी गेलो. मामा, मी आणि कंपाउंडरची मुलगी. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातावर स्वेटर होता.

तळघरात एक इंजिनिअर मुलगी आमची वाट बघत होती. हसरी, कामाची, मामाला पहिल्या मिनिटात "काका" म्हणायला लागली. मामा न विचारता सरळ मांडणीकडे गेला. दिवे अर्धेच चालू होते, पण त्याला दिव्याची गरज नव्हती. डबा काढून आणला. कडेला लाल टिकली होती, रंग उडून विटकरी झालेली. मामाने ती अंगठ्याने जपून पुसली आणि डबा कंपाउंडरच्या मुलीच्या हातात दिला. "तूच लाव."

टेप यंत्रात गेली. पडद्यावर रेघा आल्या, मग चित्र स्थिर झालं. एक बाई टाइपरायटरसमोर बसली होती. "मागच्या धड्यात आपण डाव्या हाताची करंगळी पाहिली," ती म्हणाली.

मला वाटलं, हे मालिकेच्या आधीचं काहीतरी असेल, आता जाईल. इंजिनिअर मुलीने टेप पुढे पळवली. बाई टाइप करत होती. आणखी पुढे. बाई टाइप करत होती. 'टंकलेखन शिका, धडा नववा.' शेवटपर्यंत तेच.

"डबा बदललाय," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "रजिस्टर आहे का त्या वर्षाचं?"

रजिस्टर होतं. मामाने बोटाने ओळी मोजत पान काढलं. त्याचंच अक्षर, निळी शाई. एकाच दुपारच्या दोन नोंदी एकाखाली एक होत्या. 'भाग ६१. पाहण्यासाठी काढली. स्वतः.' आणि खाली, 'टंकलेखन, धडा ९. पुसण्यासाठी.'

मामाने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मग आमच्याकडे न बघता सांगायला लागला. "टिकली लावायच्या आधी एकदा शेवटचा बघून घेऊ म्हटलं. अकराव्यांदा. ही टंकलेखनाची टेप आधीच काढून ठेवली होती, डब्याबाहेर. भाग संपला. डोळ्यांना दिसत नव्हतं काही. चष्मा पुसत होतो. दोन्ही टेप टेबलावर, दोन्ही डबे टेबलावर." त्याने रजिस्टर मिटलं. "टिकली मी डब्यावर लावली."

म्हणजे मांडणीवर टिकलीच्या आड टंकलेखनाचा धडा राहिला. आणि एकसष्टावा भाग टंकलेखनाच्या डब्यातून त्याच दुपारी त्या लोखंडी यंत्रावर गेला, मामाच्याच हाताने. नोकरी संपेपर्यंत तो दर महिन्याला त्या टिकलीकडे बघून येत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

इंजिनिअर मुलगी हुशार होती. तिने रजिस्टर पुन्हा उघडलं. "थांबा काका. टंकलेखनाच्या डब्यातली टेप पुढे कशाला वापरली? हे बघा. पुलाचं उद्‌घाटन. बावीस मिनिटं. आणि तुमचा भाग किती मिनिटांचा?"

"सव्वीस," मामा म्हणाला.

"म्हणजे चार मिनिटं उरतात! जुने लोक पुसायचे कुठे, डायरेक्ट वरून रेकॉर्ड करायचे. मला अशा कितीतरी सापडल्यात. शेवटी जुन्याचा तुकडा असतोच."

शेवटची चार मिनिटं. रिकामा बाक, बाटल्या, पाटी. नेमकी तीच. कंपाउंडरच्या मुलीने माझा हात धरला, आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो नीट. "काका, असेल ना?" तिने विचारलं. मामाने डोळे मिटले. मला वाटलं, तो देवाचं नाव घेत असेल. आता कळतं, त्याला त्या क्षणीच ठाऊक होतं. पण नाही कसं म्हणणार? त्याला पण आशा असेलच. एखाद्या दिवशी आपण कंटाळा केला असेल, एखादी टेप उलटायची राहिली असेल. आयुष्यात पहिल्यांदा मामा मनातल्या मनात विनवत असेल, की आपण त्या दिवशी कामचुकारपणा केलेला असू दे.

पुलाच्या उद्‌घाटनाची टेप मांडणीवर होती. आम्ही ती पूर्ण बघितली. फीत कापली, भाषणं झाली, कुणाची तरी टोपी वाऱ्याने उडाली. एरवी मी हसले असते. एकवीस मिनिटं. बावीस. शेवटची टाळी वाजली आणि चित्र गेलं.

पडदा काळा झाला. आवाज नाही, रेघ नाही. इंजिनिअर मुलीने आवाज पूर्ण मोठा केला. खोलीत फक्त यंत्राची घरघर होती. आम्ही चार मिनिटं तशीच बसून काढली. शेवटी टेप संपून खट्‌ आवाज झाला.

इंजिनिअर मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "मानलं पाहिजे," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "इतकी स्वच्छ पुसलेली टेप मी आजवर पाहिली नाही. एक ठिपका नाही. कुणी केलंय हे काम?"

"मी," मामा म्हणाला. त्याने स्वेटर अंगात घातला, बटणं लावली, आणि तसाच बसून राहिला.

बाहेर आल्यावर कंपाउंडरची मुलगी म्हणाली, "काका, राहू दे. मी बाबांना काहीतरी सांगते. टेप खराब झाली म्हणून सांगते."

"नाही," मामा म्हणाला. "मी शब्द दिलाय. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खिडकीपाशी खाट, खाटेवर ते. कोट नव्हता, म्हणून मला आधी ओळखूच आले नाहीत. खूप वाळले होते. गळ्याला पांढरा रुमाल. पण पाठ टेकून बसले होते आणि दाढी नुकतीच केलेली होती. कुणीतरी टीव्हीसमोर तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. नात पुढच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आणलं?" तिने मामाला विचारलं.

मामा खुर्चीवर बसला नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, साहेबासमोर उभा राहतात तसा, आणि त्याने सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. साठ भाग त्याने पुसले. एकसष्टावा बघितला, रडला, टेप चुकीच्या डब्यात घातली. तो पण पुसला. सुलट आणि उलट. "दुसऱ्या कुणी पुसला असता तर चार मिनिटं राहिली असती," मामा म्हणाला. "माझ्या हातून काही राहिलं नाही. मला माफ करा." आणि तो रडायला लागला. मी मामाला रडताना टीव्हीसमोर खूप वेळा पाहिलं होतं. हे रडणं वेगळं होतं, त्यात आवाजच नव्हता.

नात खुर्चीवरून उतरली. तिला सगळं कळलं नसेल, पण टीव्ही लागणार नाही एवढं कळलं. "मग तुम्ही म्हणून दाखवा ना," ती मामाला म्हणाली. "तुम्ही ऐकलंय ना? कसे बोलायचे आजोबा?"

मामाने डोळे पुसले. घसा खाकरला. "घोट घोट घ्या," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे?" मामाचा आवाज बारीक आहे, आणि त्या दिवशी तो अजूनच चिरकला होता. नातीने आईकडे बघितलं. आईने नाही म्हणून मान हलवली. खाटेवर कंपाउंडर हसत होते. खांदे हलत होते, बाकी काही नाही.

मग त्यांनी उशाची वही घेतली. बराच वेळ लिहीत होते. वही मामाकडे न देता त्यांनी ती नातीकडे दिली. ती नुकतीच वाचायला शिकली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने, ती वाचायला लागली.

"त्या भा-गात मी एक वाक्य खाल्-लं होतं. शेवटचं. को-णाच्या लक्षात आलं नाही. चाळीस वर्षं भीती वाटत होती, कोणीतरी पुन्हा दाख-वेल. तुम्ही पुसलंत. फार बरं केलंत." वाचून झाल्यावर ती आजोबांकडे वळली. "वाक्य खाल्लं म्हणजे?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मामाने पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. नंतर चहा झाला. कंपाउंडरांना चमच्याने द्यावा लागत होता, मुलगी देत होती, आणि ते सावकाश, एकेक घोट घेत होते.

परत येताना टॅक्सीत मामा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, काहीतरी बोलून त्याचं मन हलकं करावं. म्हटलं, "बघ मामा, तू उगाच जिवाला लावून घेतलंस. ते स्वतःच म्हणाले ना, बरं झालं म्हणून. त्यांचं एक वाक्यच म्हणायचं राहिलं होतं त्यात."

मामाने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

"अकरा वेळा पाहिलाय मी तो भाग," तो म्हणाला. "एक अक्षर खाल्लं नव्हतं त्यांनी."